दोन ओबीएम की पोटात एक डिझेल? एका २८ फुटी बोटीचा हिशोब

बोट २८ फुटी, फायबरची, साच्यातून नुकतीच बाहेर काढलेली. रुंदी साडेआठ फूट, तळ खोल व्ही आकाराचा, मागच्या टोकाला उतार २२ अंश. काम काय, तर मांडवा ते गेटवे, कधी किहीम, कधी मुरुडपर्यंत. सहा माणसं, वेग हवा, आणि पावसाळ्याचे महिने बोट किनाऱ्यावर शेडमध्ये. इंजिन ठरायचं होतं. एकीकडे मागे टांगलेली १५० हॉर्सपॉवरची दोन आउटबोर्ड, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ओबीएम म्हणतात ती. दुसरीकडे पोटात बसणारं, म्हणजे इनबोर्ड, ३२० हॉर्सपॉवरचं एक डिझेल, त्याला सरळ शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, आणि सुकाणू.

पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात: पळेल किती? तो आधी उरकून टाकू.

अंदाजासाठी क्राउचचं जुनं सूत्र पुरतं. बोटीचं भरलेलं वजन पौंडात घ्या, त्याला हॉर्सपॉवरने भागा, उत्तराचं वर्गमूळ काढा आणि त्याने एका स्थिरांकाला भागा. वेग ताशी मैलांत येतो. वेगवान व्ही तळाला स्थिरांक १९० धरतात. नुसता सांगाडा, डेक, खुर्च्या आणि रिकामी टाकी मिळून १,७०० किलो भरले. दोन आउटबोर्ड, त्यांचे पंखे (प्रोपेलर), स्टीअरिंग आणि जादा बॅटरी धरून ४५० किलो. वर ३०० लिटर पेट्रोल आणि सहा माणसं. एकूण २,८२० किलो, म्हणजे ६,२०० पौंडांच्या आसपास. ३०० हॉर्सपॉवरला उत्तर ताशी ४१-४२ मैल येतं, म्हणजे ३६ नॉट. शाफ्टवाल्या डिझेलला १९० देता येत नाहीत. पाण्यात तिरका शाफ्ट, त्याला धरणारा ब्रॅकेट आणि सुकाणू अशी तीन ओझी ओढली जातात, म्हणून १६५ धरले. उत्तर ३२ नॉट.

म्हणजे चार नॉटांचा फरक. गेटवे ते मांडवा आठ नॉटिकल मैल धरले, तर ३६ नॉटला साडेतेरा मिनिटांच्या आत आणि ३२ नॉटला पंधरा मिनिटं. दोन मिनिटांच्या आतला हा फरक, तोही पाणी ताटासारखं असेल तर. दुपारी वारा सुटला की दोन्ही बोटी २५-२६ नॉटवरच येतात, कारण आतली माणसं ओरडायला लागतात. तेव्हा टॉप स्पीडवर इंजिन निवडू नका. ज्याला ४५ च्या वर जायचं आहे त्याची गोष्ट वेगळी. तिथे सरळ शाफ्ट बादच होतो आणि इनबोर्ड म्हणजे स्टर्नड्राइव्ह (इंजिन पोटात, पंख्याचा पाय मागे बाहेर) किंवा पृष्ठभागावर फिरणारा पंखा असं समजायचं.

खरा फरक वजन कुठे बसतं यात आहे, आणि तो कागदावर पंधरा मिनिटांत कळतो. मागची उभी फळी, म्हणजे ट्रान्सम, हा शून्य बिंदू माना. रिकाम्या बोटीचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून ३.४ मीटर पुढे आहे. आउटबोर्डचं वजन अर्धा मीटर मागे, म्हणजे उणे ०.५. हिशोब: १,७०० गुणिले ३.४ वजा ४५० गुणिले ०.५, भागिले २,१५०. उत्तर २.५८ मीटर. डिझेलचं तसंच करा. ३०० ते ३७० हॉर्सपॉवरच्या व्ही-८ सागरी डिझेलपैकी यानमारचं ८एलव्ही गिअरबॉक्सशिवाय साधारण ४३५ किलोचं आहे. गिअरबॉक्स, शाफ्ट, ब्रॅकेट, सुकाणू, एक्झॉस्ट धरून ६०० किलो, ट्रान्समच्या २.३ मीटर पुढे. उत्तर ३.११ मीटर. अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडला. पाण्यावरची लांबी ७.६ मीटर, म्हणजे मध्य एकात मागून ३४ टक्क्यांवर आणि दुसऱ्यात ४१ टक्क्यांवर.

याचा पाण्यात अर्थ असा. ३४ टक्क्यांची बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलून चालते, तळ कमी भिजतो, म्हणून पळते. पण समोरून लाट आली की आपटते, आणि सपाट पाण्यात ट्रिम, म्हणजे इंजिनाच्या पायाचा कल, जरा जास्त दिला की डुलायला लागते, नाक वर-खाली, वर-खाली. ४१ टक्क्यांची बोट लाटेत कापत जाते, माणसांच्या कमरा वाचतात, पण ती पाण्याला चिकटून चालते. मधला उपाय आहे: आउटबोर्ड घेतलात तर बॅटऱ्या, नांगर-साखळी आणि टाकी पुढे सरकवा. आम्ही दोन्ही बॅटऱ्या आणि टाकी मिळून भरलेलं सुमारे ३०० किलो वजन ८० सेंटिमीटर पुढे घेतलं, तेव्हा भरलेल्या बोटीचा मध्य आठ-नऊ सेंटिमीटर पुढे आला. फार नाही, पण डुलणं थांबायला तेवढं पुरलं.

इंजिन विकत घेण्याआधी एक चाचणी जरूर करा, तिला वाळूच्या पोत्यांशिवाय काही लागत नाही. बोट शांत पाण्यात सोडा. ट्रान्समच्या आत लागून ५८० किलोची पोती रचा. ४५० किलो अर्धा मीटर बाहेर टांगल्यावर जो कल येईल, तोच आत ३० सेंटिमीटरवर ५८० किलो ठेवल्यावर येतो. बुडण थोडी जास्त दिसेल, तेवढी सोडून द्या. आता कॉकपिटच्या सांडव्याची भोकं बघा. पाण्याच्या वर किती राहिली? आमची मोजून दोन बोटं वर होती. सहा माणसं मागे जमली असती तर पाणी उलटं आत आलं असतं. डेक ६० मिलिमीटर वर घ्यायला लावला. हे इंजिन बसल्यावर कळलं असतं तर कापाकापी करावी लागली असती.

उंचीची गफलत तर इतकी नेहमीची आहे की तिच्यावर जरा थांबतो. आउटबोर्डचा पाय, म्हणजे ट्रान्समवरून पाण्यात उतरणारा भाग, २०, २५ किंवा ३० इंची मिळतो. ट्रान्सम मध्यभागी मोजला, ३० इंच भरला, म्हणून कुणीतरी ३० इंची पायाची दोन इंजिनं मागवून बसतं. चूक. दोन इंजिनं मध्यावर बसत नाहीत. त्यांच्या मध्यांत २६ इंच अंतर ठेवलं, तर प्रत्येक इंजिन मध्यरेषेपासून १३ इंच, म्हणजे ३३० मिलिमीटर बाजूला जातं. तळाचा उतार २२ अंश. ३३० ला २२ अंशांच्या टॅनने, म्हणजे ०.४०४ ने गुणा: १३३ मिलिमीटर. तेवढा तळ त्या जागी वर चढलेला आहे, सव्वापाच इंच. म्हणजे तिथली खरी उंची पावणेपंचवीस इंच. २५ इंची पाय हवा. एकच इंजिन मध्यावर लावलं असतं तर मात्र ३० इंचीच. उंची मोजायची ती इंजिन जिथे बसणार त्या रेषेवर.

मग वर-खाली बसवणं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी त्या जागच्या तळाशी समपातळीत ठेवून सुरुवात करा. ब्रॅकेटला भोकांची रांग असते, एकेक भोक म्हणजे पाऊण इंच, १९ मिलिमीटर. एक भोक वर घेतलं की पाय कमी पाण्यात राहतो, वेग वाढतो. थांबायचं कुठे? गच्च वळणात पंख्याने हवा ओढली, आवाज एकदम चढला आणि बोट ढिली पडली, तर एक भोक खाली. व्ही तळाच्या बोटीत वळणाच्या बाहेरच्या बाजूचं इंजिन आधी हवा खातं, कारण ती बाजू उचलली जाते. म्हणून दोन इंजिनं एका इंजिनाइतकी वर नेता येत नाहीत. शिवाय इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या दाबाचा गेज लावल्याशिवाय इंजिन वर चढवूच नका. वेग मिळाल्याच्या आनंदात पाणी ओढणारी भोकं हवेत गेली, की इंजिन तापतं.

पंखे बसवताना उजवीकडचं इंजिन नेहमीचं उजवं फिरणारं, डावीकडचं उलटं फिरणारं. दोघांचा पीळ एकमेकांना मारतो आणि स्टीअरिंग हलकं राहतं. एक बारीक खर्च इथे लपलेला आहे: जादा पंखा एक ठेवून भागत नाही, डावा आणि उजवा असे दोन ठेवावे लागतात.

आता इंधन. हा मुद्दा पाचेक वर्षांपूर्वी इतका मोठा नव्हता. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं झालंय, आणि आउटबोर्डच्या नावाजलेल्या कंपन्यांच्या पुस्तिका साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. वॉरंटीबद्दल विक्रेत्याकडून तोंडी आश्वासन घेऊ नका, लेखी घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून बोट महिनाभर उभी राहिली, तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिनचा नळ नेमका तळातूनच ओढतो. जुन्या फायबरच्या टाक्यांचं रेझिन इथेनॉलने विरघळतं आणि चिकट होऊन इंजेक्टरपर्यंत पोचतं. म्हणून टाकी अ‍ॅल्युमिनियमची, प्रत्येक इंजिनला वेगळा १० मायक्रॉनचा पाणी गाळणारा फिल्टर, पावसाळ्याआधी टाकी उपसून रिकामी. डिझेलला यातलं बरंचसं नाही. तिथे पाण्याचा निचरा करणारा फिल्टर तेवढा दर आठवड्याला उघडून बघायचा.

खप मोजायला एक सोपी खूणगाठ: चार स्ट्रोकच्या पेट्रोल इंजिनला दर हॉर्सपॉवरला तासाला लिटरचा तिसरा हिस्सा, डिझेलला पाचवा. २६ नॉटला या बोटीला पेट्रोलवर साधारण १६५ हॉर्सपॉवर लागतात, म्हणजे ५५ लिटर. शाफ्टच्या ओढीमुळे डिझेलला १८० धरले, ३६ लिटर. पेट्रोल शंभर रुपये आणि डिझेल नव्वद धरलं, तर तासाला ५,५०० विरुद्ध ३,२४०. दर तासाला २,२६० रुपये वाचले. आता डिझेलची सगळी बसवणूक, म्हणजे इंजिन बसायच्या पायाड्या, शाफ्ट, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची वाट, एक्झॉस्ट आणि आवाज अडवणारा थर धरून दोन आउटबोर्डपेक्षा १५ लाखांनी महाग पडली असं समजा. ते भरून निघायला ६६० तास लागतील. तुमची दरपत्रकं हातात आली की १५ च्या जागी तुमचा आकडा घाला. भाड्याने चालणारी बोट वर्षाला ४०० तास करते, तिचे पैसे वीस महिन्यांत सुटतात. शनिवार-रविवारची बोट वर्षाला ८० तास करते, तिला आठ वर्षं लागतात. आठ वर्षांत मालकाचं मन बदलतं, बोट विकली जाते.

डिझेल आउटबोर्डही आहेत, ३०० हॉर्सपॉवरची. वजन चारशे किलोच्या आसपास आणि सुटे भाग दूर. आम्ही त्यावर वेळ घालवला नाही.

दोन इंजिनांच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं: एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं. हे अर्धंच खरं आहे. पंखे दोन इंजिनांच्या जोरावर बेतलेले असतात. एकटं १५० ही बोट पाण्यावर चढवू शकत नाही. इंजिन साडेतीन हजार फेऱ्यांवर धापा टाकतं, थ्रॉटल कितीही दाबा. बोट सात नॉटच्या आसपास घोटाळत राहते. मांडव्याहून घरी यायला ते पुरतं, मुरुडहून यायला अंधार होतो. बंद इंजिन वर उचलून घ्या, चालू इंजिन हळू ठेवा. आणि दोन्ही इंजिनं एकाच टाकीतून, एकाच फिल्टरमधून, एकाच बॅटरीवर चालत असतील, तर दुसरं इंजिन नुसतं वजन आहे. पाणी मिसळलेलं पेट्रोल आलं की दोन्ही पाठोपाठ बंद पडतात. दोन टाक्या किंवा निदान दोन वेगळे नळ, दोन फिल्टर, दोन बॅटऱ्या आणि मध्ये जोडणारा स्विच, एवढं केलं तरच दोन म्हणा.

आमच्या पाण्यात निर्णय शेवटी जाळ्यांनी केला. करंजा-उरणच्या बाजूला डोलीचे खुंट आणि बोये, त्यात तुटलेले दोर, आणि बंदरातलं प्लॅस्टिक. आउटबोर्डच्या पंख्यात दोर गुंतला तर इंजिन बंद करायचं, पाय वर उचलायचा, मागे वाकून चाकूने कापायचा. पाच-दहा मिनिटं. शाफ्टला गुंतला तर कुणीतरी मास्क घालून बोटीखाली जायचं, गढूळ पाण्यात, वर बोट आपटतेय. शाफ्टवर दोर कापणारी पाती बसवता येतात, बारीक दोराला ती चालतात, जाड नायलॉनला नेहमी नाही. प्लॅस्टिकची पिशवी पाण्याच्या भोकावर चिकटली तर आउटबोर्डची मागची पिचकारी बारीक होते, ते लांबून दिसतं. रिव्हर्स देऊन पिशवी सुटते. इनबोर्डला आतला गाळणीचा डबा उघडावा लागतो. ओहोटीला खाडीत चिखल वर येतो तेव्हाही पाय उचलता येणं कामाला येतं. म्हणून या बोटीला दोन आउटबोर्ड.

डिझेल निवडलं असतं तर ज्या गोष्टींवर डोळ्यात तेल घालून बसावं लागलं असतं, त्या सांगून ठेवतो. कारण भाड्याच्या बोटीसाठी आमचा सल्ला आजही डिझेलचाच आहे. शाफ्टचा कोन १२ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. पंख्याचं टोक आणि तळ यांत पंख्याच्या व्यासाच्या १५ ते २० टक्के जागा ठेवा, नाहीतर तळ थडथडतो. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने चार ठिकाणी मोजा. पाच इंची चकतीला फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. आणि हे शेडमध्ये मोजून सोडू नका: बोट पाण्यात दोन दिवस राहू द्या, फायबर आपला आकार घेतं, मग पुन्हा मोजा. शेडमधलं बरोबर पाण्यात बरोबर राहत नाही, आणि गिअरबॉक्सची सील हंगामभरात फुटते. नंतर सगळे गिअरबॉक्सला शिव्या देतात. शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ग्रंथीतून शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडायला हवेत. पाणी पूर्ण बंद करायला घट्ट आवळली की शाफ्टवर चर पडतो. पोटात पेट्रोल इंजिन घालत असाल तर स्टार्टआधी चार मिनिटं ब्लोअर, न चुकता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचून बसते आणि स्टार्टरच्या ठिणगीची वाट बघते.

बसवणुकीत आमच्याकडून आउटबोर्डलाही एक चूक झाली. ट्रान्समच्या बोल्टच्या भोकांना आतून रेझिनचा हात फिरवला नाही, फक्त पॉलियुरेथेन सीलंट भरलं. आतमध्ये प्लायवूड आहे. एका भोकात ड्रिलची धार बोथट होती, थर तडकला होता, तिथून पाणी झिरपलं. वीस तासांनी बोल्ट काढले तेव्हा एका भोकातून लाकडाची शेंदरी झालेली ओली भुकटी बाहेर आली. चारही बोल्ट काढून भोक दोन मिलिमीटर मोठं केलं, आठवडाभर दिव्याच्या उबेत वाळवलं, इपॉक्सी भरलं, पुन्हा ड्रिल. जुन्या बोटीचा ट्रान्सम तपासायचा असेल तर इंजिन उचला आणि पायावर आपलं वजन टाका. फळी वाकताना दिसली, तर आतलं लाकूड गेलं. लाकडी हातोडीने ठोका: टण्ण आवाज चांगला, भद्द आवाज वाईट.

चाचणी पूर्ण वजनानिशी घ्या. सहा माणसं आणि टाकी भरलेली. एकटा तांडेल आणि पाव टाकी घेऊन मोजलेले आकडे फसवे. या आउटबोर्डला पूर्ण थ्रॉटलला ५,००० ते ५,८०० फेऱ्या हव्यात. १७ पिचच्या पंख्यांनी (पिच म्हणजे पंखा एका फेरीत कागदावर जेवढे इंच पुढे सरकतो ते) ५,७०० आल्या. गिअरचं प्रमाण १.९२. फेऱ्या गुणिले पिच, भागिले १.९२ गुणिले १,२१५: कागदावर साडेएक्केचाळीस नॉट. जीपीएसने ३६ दाखवले. म्हणजे घसरण १३ टक्के, अशा बोटीला रास्त. १९ पिच लावून बघितला. तीनशेच्या वर फेऱ्या उतरल्या, वेग जैसे थे, चढायला तीन सेकंद जास्त. १७ वरच थांबलो. डिझेल असतं तर ३,८०० फेऱ्या पूर्ण येतात का ते पाहायचं. न येता काळा धूर आला तर पंख्याचा एक इंच पिच काढून घ्यायचा, इंजिनाला हात लावायचा नाही.

आणि ही चाचणी प्रवासी बोटींच्या वाटेवर करू नका. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिन चाचणीवर असलेली नौदलाची बोट ताबा सुटून नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली, माणसं गेली. नव्या इंजिनाचा थ्रॉटल अडकू शकतो, स्टीअरिंगमध्ये हवा राहू शकते. किल कॉर्ड, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद करणारी दोरी, मनगटाला, दुसरा माणूस नुसता बघायला, आणि चारी बाजूंना किमान एक मैल मोकळं पाणी.

पहिल्या २० तासांनी दोन्ही इंजिनांचं तेल, फिल्टर आणि गिअरचं तेल बदललं. डाव्या पायाचं तेल स्वच्छ, उजव्याचं किंचित दुधाळ, म्हणजे पाणी शिरतंय. कारण लगेच सापडलं: तेलाच्या खालच्या स्क्रूचा वॉशर बसवताना दुमडला होता. नवा टाकला. दहा तासांनी पुन्हा स्क्रू उघडला, तेव्हा तेल मधासारखं उतरलं.